मोठी माशांची टाकी घरी बांधताना साहित्य कसे निवडावे

घरी मोठी टाकी बांधू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, की काच किती मिलिमीटरची घ्यावी. प्रश्न रास्त आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. नीट मापाने बांधलेली टाकी काचेच्या मधोमध क्वचितच फुटते. ती सांध्यात सुटते, कोपऱ्यातून चिरते, किंवा खालची बैठक पिळल्यामुळे तडकते. म्हणजे जिथे एक वस्तू दुसरीला चिकटते किंवा तिच्यावर टेकते, तिथेच बहुतेक घोटाळे होतात. म्हणून प्रत्येक वस्तू तिच्या शेजारच्या वस्तूसह निवडावी: काच निवडताना सिलिकॉनचा विचार करावा, लाकूड निवडताना त्यावरच्या लेपाचा, आणि लेप निवडताना पुन्हा त्यावर सिलिकॉन धरेल की नाही याचा. पुढील पायऱ्या या क्रमाने मांडल्या आहेत.

सबंध लेखात एकच उदाहरण ठेवतो, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळवून पाहता येतील. आतील माप २४० सेंमी लांब, ७५ सेंमी रुंद आणि ७५ सेंमी उंच अशी टाकी धरू. काठोकाठ भरली तर तिच्यात १,३५० लिटर पाणी मावते.

पहिली पायरी: उंची ठरवा आणि वजन मांडा

साहित्यावर सर्वांत जास्त परिणाम टाकीच्या उंचीचा होतो. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो. ७५ सेंमी खोलीवर तो दर चौरस सेंटिमीटरला ७५ ग्रॅम असतो. हा आकडा किरकोळ वाटतो, परंतु २४० सेंमी लांबीच्या दर्शनी काचेवरचा एकूण रेटा काढला तर तो सुमारे ६७५ किलो भरतो. हीच टाकी ९० सेंमी उंच केली, तर रेटा ९७० किलोच्या पुढे जातो. उंची एक पंचमांशाने वाढली आणि रेटा जवळजवळ दीडपट झाला, कारण तो उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. टाकीची पुढून मागे असलेली रुंदी मात्र या रेट्यात अजिबात येत नाही. रुंदी ७५ सेंमी असो वा १५० सेंमी, दर्शनी काचेला फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त एकूण वजनाला.

यावरून माझा पहिला आग्रह असा, की पाणी जास्त हवे असेल तर टाकी रुंद करावी, उंच करू नये. माशांनाही पोहायला आडवी जागा अधिक उपयोगी पडते, तळापर्यंत हात पोहोचतो आणि प्रकाश तळाशी नीट उतरतो. पहिल्याच प्रयत्नात ७५ सेंमीच्या वर जाऊ नये, आणि ६० सेंमीवर समाधान मानता आले तर फारच उत्तम.

वजनाचा हिशोब कागदावर लिहून काढावा. आपल्या उदाहरणात पाणी १,३५० किलो. १९ मिमी जाडीच्या काचा सुमारे ३१० किलो. आणि तळाला ५ सेंमी वाळूचा थर दिला तर तोही १४० किलोच्या आसपास जातो. दगड, स्टँड आणि वरची झाकणे धरून हा भार दोन टनांच्या जवळ येतो, आणि तो उभा राहतो जेमतेम १.८ चौरस मीटर जागेवर. म्हणजे दर चौरस मीटरला हजार किलोपेक्षा जास्त. राहत्या घराच्या जमिनी साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो चालत्या भारासाठी आखलेल्या असतात. हा आकडा सबंध खोलीवर पसरलेल्या भाराचा असल्यामुळे दोन्ही आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही, तरी तफावत विचारात घ्यावी इतकी मोठी आहे. टाकी थेट जमिनीवर टेकलेल्या तळमजल्यावर असेल तर काळजी बरीच कमी होते. वरच्या मजल्यावर असेल, तर साहित्याची एकही वस्तू विकत घेण्याआधी बांधकाम अभियंत्याला वजन, माप आणि जागा सांगून त्याचे लेखी मत घ्यावे. टाकी तुळईला आडवी, भार घेणाऱ्या भिंतीलगत ठेवणे बरे असते, पण ती तुळई नेमकी कुठून जाते हे अंदाजाने ठरवू नये.

दुसरी पायरी: काच

काचेची टाकी हा नवशिक्यासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, कारण काच पाण्यात काही सोडत नाही, सहजासहजी ओरखडत नाही आणि सिलिकॉन तिला उत्कृष्ट धरते. साधी फ्लोट काच ६, ८, १०, १२, १५ आणि १९ मिमी अशा ठरलेल्या जाडीत मिळते.

जाडीचे गणित उंचीवर आणि लांबी-उंचीच्या गुणोत्तरावर चालते. लांबी उंचीच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त असेल आणि वरची कड मोकळी धरली, तर ३.८ हा सुरक्षितता गुणांक (म्हणजे काच ज्या ताणाला मोडेल, त्याच्या ३.८ पट कमी ताण धरणे) घेऊन ४५ सेंमी उंचीला सुमारे ८ मिमी, ६० सेंमीला सुमारे १२.६ मिमी, आणि ७५ सेंमीला १७ ते १८ मिमी असे उत्तर येते. बाजारातील पुढची जाडी घ्यायची, म्हणजे अनुक्रमे १०, १५ आणि १९ मिमी. आपली टाकी ९० सेंमी उंच केली तर हेच उत्तर २३ मिमीच्या आसपास जाते, आणि तेवढ्या जाडीची काच नेहमीच्या दुकानात सहसा नसते. पहिल्या पायरीत उंचीचा आग्रह का धरला, ते इथे दिसते.

गुणांक ३.८ एवढा मोठा का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. काचेची ताकद तिच्या पृष्ठभागावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरांवर अवलंबून असते, आणि सतत ताणाखाली, विशेषतः ओलाव्यात, या चिरा फार सावकाश वाढतात. आज जी काच भार सहज पेलते ती दहा वर्षांनी तेवढाच भार पेलेलच असे नाही. टाकीतली काच तर रात्रंदिवस, वर्षानुवर्षे ताणाखालीच असते. म्हणून पैसे वाचवण्यासाठी गुणांक कमी करण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नये.

टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेबद्दल नवशिक्यांत मोठा गैरसमज आहे. ती वाकवून मोडण्याच्या कसोटीला साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत ठरते, हे खरे आहे. पण तिचा ताठरपणा साध्या काचेइतकाच असतो; म्हणजे तेवढ्याच जाडीला ती तेवढीच फुगते. मजबूत आहे म्हणून कोणी १९ मिमीऐवजी १० मिमीची टफन्ड काच लावली, तर काच कदाचित टिकेल, पण ती इतकी बाक घेईल की कोपऱ्यातले सिलिकॉन सोलून निघेल. शिवाय ती एकदा तापवून घडवल्यावर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, आणि कडेला एखादा टोला बसला तर सबंध काच एका क्षणात खड्यांसारखी विखुरते. साधी काच बहुधा एका रेषेत तडकते आणि पाणी उपसायला थोडा वेळ देते. माझ्या मते घरगुती टाकीला साधी, पुरेशी जाड काचच योग्य. लॅमिनेटेड काच वापरायची असेल, तर दोन ६ मिमी थर म्हणजे एक अखंड १२ मिमी काच असे धरू नये. मधला मऊ थर दोन्ही काचांना पूर्णपणे एक होऊ देत नाही, त्यामुळे ती त्याच एकूण जाडीच्या अखंड काचेपेक्षा जास्त वाकते.

काचेतील हिरवट झाक लोहाच्या अंशामुळे येते. ६ मिमीत ती जाणवत नाही, १९ मिमीत स्पष्ट दिसते. माशांचे रंग खरे दिसावेत अशी इच्छा असेल, तर फक्त दर्शनी बाजूला कमी लोहाची स्वच्छ काच घ्यावी. मागच्या, तळाच्या आणि बाजूच्या काचांवर तो खर्च करण्याची गरज नाही.

खरेदीच्या वेळी कर्ण मोजावेत. प्रत्येक काचेचे दोन्ही कर्ण सारखे आले तरच ती काटकोनात कापलेली आहे. लांबीत एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक स्वीकारू नये, कारण तो फरक शेवटी सिलिकॉनच्या जाडीत जाऊन बसतो. सर्व कडा घासून घ्याव्यात. ते हात कापू नये म्हणून आवश्यक आहेच, शिवाय कापताना कडेला राहिलेल्या टवक्यांतूनच पुढे चीर सुरू होते. काच तिरप्या उजेडात धरून ओरखडे पाहावेत आणि खोल ओरखडा असलेली काच परत करावी. १९ मिमी जाडीची आपली दर्शनी काच एकटीच ८५ किलो भरते, तेव्हा ती उचलायला चार माणसे आणि चांगले सक्शन कप आधीच योजून ठेवावेत.

वरच्या कडेला आतून आडव्या काचेच्या पट्ट्या लावायच्या की नाही, हेही याच पायरीत ठरवावे, कारण त्या त्याच काचेतून कापून घ्याव्या लागतात. लांब बाजूंना साधारण १० सेंमी रुंदीच्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या दोन किंवा तीन आडव्या पट्ट्या दिल्या, की वरच्या कडेचा बाक पुष्कळ कमी होतो. बिनपट्टीची मोकळी टाकी सुंदर दिसते, पण २४० सेंमी लांबीला मी पट्ट्यांशिवाय जाणार नाही, आणि पट्ट्या आहेत म्हणून काचेची जाडीही कमी करणार नाही.

तिसरी पायरी: सिलिकॉन

सबंध टाकी ज्या वस्तूने एकत्र धरली जाते ती एकूण खर्चात सर्वांत स्वस्त असते, आणि कदाचित त्यामुळेच तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. स्नानगृहासाठी विकले जाणारे, बुरशी रोखणारे सिलिकॉन कधीही घेऊ नये. त्यातील बुरशीनाशक माशांना घातक असते. शंभर टक्के सिलिकॉन, बुरशीनाशक नसलेले आणि टाकीसाठी योग्य असल्याचे उत्पादकाने तांत्रिक माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असेच निवडावे. नळीवर माशाचे चित्र असणे पुरेसे नाही, कारण त्यातली काही सिलिकॉन लहान टाक्यांची गळती बुजवण्यापुरतीच बनवलेली असतात. माहितीपत्रकात ताण सहन करण्याची क्षमता आणि तुटेपर्यंत ताणले जाण्याचे प्रमाण दिलेले असते. दोन-तीन पर्यायांची ही पत्रके शेजारी ठेवून वाचावीत.

सिलिकॉन मुख्यतः दोन जातींचे असते. वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो ते आम्लयुक्त, आणि असा वास नसणारे न्यूट्रल. काचेला काच जोडण्यासाठी आम्लयुक्त जात उत्तम धरते, आणि पूर्ण वाळून वास गेला की ती निर्धोक असते. मात्र त्यातून सुटणारे अ‍ॅसेटिक आम्ल धातू गंजवते आणि सिमेंटमधल्या चुन्याशी क्रिया करते, त्यामुळे काँक्रीटच्या टाकीत खिडकी बसवताना न्यूट्रल जातीचेच घ्यावे लागते. अ‍ॅक्रिलिकला दोन्ही जाती भार सोसण्याइतक्या धरत नाहीत. आणि जुन्या वाळलेल्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन चिकटत नाही, म्हणून प्रत्येक सांधा एका दमात पुरा करावा लागतो.

किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. आपल्या टाकीत तळाचा परिघ ६.३ मीटर आणि चार उभे सांधे मिळून ३ मीटर, म्हणजे एकूण ९.३ मीटर सांधा. १९ मिमी रुंद आणि २ मिमी जाड थराला साधारण ३५० मिलिलिटर लागते, आणि आतल्या कोपऱ्यातील १० मिमीच्या गोलाईला आणखी ४६० च्या आसपास. वरच्या पट्ट्या आणि वाया जाणारे धरून ३०० मिलिलिटरच्या पाच नळ्या आणाव्यात. त्या सगळ्या एकाच तारखेच्या आणि मुदतीच्या आत असाव्यात. जुने सिलिकॉन बाहेरून ठीक दिसते, पण नीट वाळतच नाही.

टाकीला हात घालण्यापूर्वी एक चाचणी जरूर करावी. काचेचे दोन तुकडे स्पिरिटने किंवा अ‍ॅसिटोनने स्वच्छ पुसून त्याच सिलिकॉनने जोडावेत, सात दिवस वाळू द्यावेत, आणखी सात दिवस पाण्यात बुडवून ठेवावेत, आणि मग जाड हातमोजे घालून ओढून वेगळे करण्याचा प्रयत्न करावा. सिलिकॉन मधून फाटले आणि दोन्ही काचांवर त्याचा थर राहिला, तर जोड उत्तम आहे. ते काचेवरून साल निघावी तसे सुटून आले, तर सिलिकॉन जुने आहे किंवा काच स्वच्छ नव्हती. दोन आठवडे खर्चणारी ही चाचणी अनेकांना नकोशी वाटते, पण सांध्याची खात्री करून देणारा दुसरा इतका सोपा उपाय मला माहीत नाही.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळत जाते, आणि चोवीस तासांत साधारण २ ते ३ मिमी एवढेच वाळते. १९ मिमी रुंदीच्या सांध्याच्या गाभ्यापर्यंत हवा पोहोचायला वेळ लागतो. लहान टाकीसाठी सांगितलेली दोन दिवसांची मुदत इथे लागू नाही. निदान दोन आठवडे, आणि मिळाले तर तीन, थांबावे.

चौथी पायरी: काचेला पर्याय

अ‍ॅक्रिलिक वजनाला हलके आणि अतिशय पारदर्शक असते. त्याची घनता काचेच्या निम्म्याहून कमी आहे, आणि त्याचे सांधे विशिष्ट द्रावकाने किंवा दोन घटकांच्या चिकटद्रवाने जोडले, की दोन तुकडे खऱ्या अर्थाने एकजीव होतात. जगातील अतिमोठी मत्स्यालये याच कारणाने अ‍ॅक्रिलिक वापरतात. जपानमधील ओकिनावा येथे २००२ मध्ये सुरू झालेल्या चुराउमी मत्स्यालयाची ८.२ मीटर उंच, २२.५ मीटर लांब आणि सुमारे ६० सेंमी जाडीची खिडकी थर एकमेकांना जोडूनच बनवलेली आहे. परंतु घरच्या बांधणीत त्याच्या अडचणी समजून घ्याव्यात. ते काचेच्या वीस-पंचवीस पट लवचिक असल्यामुळे आपल्या मापाला २५ ते ३० मिमी जाडी आणि वर अखंड चौकट लागते. तापमान दहा अंशांनी बदलले तर २४० सेंमीची पट्टी दीड मिलिमीटरहून जास्त लांब-आखूड होते. वाळूचा एक कण स्पंजात अडकला तरी ओरखडा उठतो, आणि स्पिरिट किंवा अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रवाने त्यावर बारीक तड्यांची जाळी उमटते. घ्यायचेच असेल तर साच्यात ओतून बनवलेले घ्यावे. दाबून काढलेले पत्रे आतून ताणलेले असतात आणि द्रावक लागताच तडकू शकतात. सांधे जोडण्याच्या द्रावकांची वाफ आरोग्यास हानिकारक आहे, त्यामुळे बंद खोलीत हे काम करूच नये. पहिली टाकी अ‍ॅक्रिलिकची बांधण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्लायवूडची टाकी हा मात्र हजार लिटरच्या पुढे गंभीरपणे विचारात घेण्याजोगा मार्ग आहे. तीन बाजू आणि तळ लाकडाचे, समोर एक काचेची खिडकी, अशी तिची रचना असते. खर्च कमी येतो, भोके कुठेही पाडता येतात, आणि चौकट नीट बांधली तर ती खूप ताठ होते. प्लाय समुद्री प्रतीचे, उकळत्या पाण्यात न सुटणाऱ्या डिंकाचे आणि आतल्या थरांत पोकळी नसलेले असावे. निदान १८ मिमी जाडीचे, आणि ७५ सेंमी उंचीला दोन थर किंवा बाहेरून लाकडी पट्ट्यांची चौकट. सांधे गोंद आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू अशा दोन्हींनी बांधावेत.

लाकडाची निवड सोपी आहे. खरी परीक्षा लेपाची. इपॉक्सी लाकडाला घट्ट धरते, आणि त्यात काचधाग्याचे कापड बसवले तर लाकूड किंचित हलले तरी लेप चिरत नाही. स्वस्त पॉलिस्टर रेझिन लाकडाला तेवढे धरत नाही आणि त्याचा तीव्र वास बराच काळ टिकतो. कापड काटकोनात नीट वळत नाही, त्याखाली हवा राहते. म्हणून आतले सर्व कोपरे आधी घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरून गोल करून घ्यावेत. दोन्ही घटकांचे प्रमाण उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे वजनाने किंवा मापाने काटेकोर घ्यावे. लवकर वाळावे म्हणून कडक करणारा घटक जास्त टाकला तर लेप कायमचा मऊ राहतो. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येऊ शकतो. तो साध्या पाण्याने घासून धुऊन मगच पुढचा हात द्यावा. न धुता पॉलिश पेपर मारला तर हा मेणचट थर खाली दाबला जातो आणि पुढचा थर सुटतो. असे तीन हात द्यावेत आणि शेवटच्या हातानंतर निदान सात दिवस वाळू द्यावे.

खिडकीची काच चौकटीला नेहमी आतून लावावी, म्हणजे पाण्याचा दाब तिला चौकटीवर दाबून धरतो. काच चौकटीवर सर्व बाजूंनी निदान ५ ते ७ सेंमी टेकली पाहिजे. सिलिकॉन इपॉक्सीला चांगले धरते, पण साध्या रंगावर लावले तर जोड त्या रंगाइतकाच मजबूत राहतो, म्हणून खिडकीच्या पट्ट्यावर रंग लावू नये.

लेपाऐवजी रबरी ईपीडीएम अस्तर वापरता येते. ते सुमारे १ मिमी जाडीचे, तलावासाठी आणि माशांसाठी बनवलेले असावे. छपरासाठीच्या अस्तरावर काही वेळा मारक प्रक्रिया केलेली असते. पूर्ण लाकडी, वरून पाहायच्या हौदाला हे अस्तर छान आहे. खिडकी असेल तर मात्र मी ते टाळतो, कारण सिलिकॉन ईपीडीएमला नीट धरत नाही, आणि मग काच व चौकट यांच्यामध्ये अस्तर दाबून धरण्यासाठी वेगळी पट्टी आणि बोल्ट लागतात.

काँक्रीटची टाकी फक्त थेट जमिनीवर बांधावी. ताज्या सिमेंटमुळे पाण्याचा सामू १२ च्या वर जाऊ शकतो, आणि त्यात मासा जगत नाही. २८ दिवस पाणी मारून पक्के केल्यावरही आतून इपॉक्सीचा लेप द्यावा, आणि पाणी अनेकदा भरून, सोडून, सामू स्थिर होईपर्यंत मोजत राहावे. तयार फायबरची टाकी मिळत असेल तर तिला रेझिनचा वास येत नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

पाचवी पायरी: स्टँड आणि गादी

स्टँडने वजन पेलावे हे तर उघड आहे, पण त्याने पिळू नये हे त्याहून महत्त्वाचे आहे. सबंध टाकी एका बाजूला दोन-तीन मिलिमीटर कलली तर फारसे बिघडत नाही. चारपैकी एक कोपरा खाली बसला, तर तळाची काच पिळते आणि सांधे वेगवेगळ्या दिशांना ओढले जातात. म्हणून पाणसळ लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर धरावी.

लोखंडी चौकोनी पाइपांचा वेल्डिंग केलेला स्टँड मोठ्या टाकीला सर्वांत सोयीचा. आतून-बाहेरून गंजरोधक रंग द्यावा, आणि झुलू नये म्हणून मागच्या व बाजूच्या चौकटींत तिरके आधार घालावेत. लाकडी स्टँडमध्ये आडवी तुळई उभ्या पायाच्या डोक्यावर टेकलेली असावी. ती पायाला बाजूने नुसत्या स्क्रूंनी लटकवली, तर सगळा भार स्क्रूंवर येतो. भुशाचे दाबलेले फळे आणि एमडीएफ ओलावा लागताच फुगतात, तेव्हा त्यांचा विचारही करू नये.

स्टँडवर १८ ते २५ मिमी प्लायचा अखंड फळा आणि त्यावर १० मिमीच्या आसपास घट्ट फोम किंवा थर्माकोलचा थर द्यावा, म्हणजे एखादा खडा किंवा उंचवटा तळाच्या काचेत घुसत नाही. हा थर काचेचा तळ सपाट टेकतो त्या टाकीसाठी आहे. तळाशी चौकट असलेल्या टाकीत भार फक्त चौकटीवर असतो, तिथे फोम वापरू नये.

सहावी पायरी: पाण्याला लागणाऱ्या बाकी वस्तू

तांबे आणि पितळ टाकीत नको. कोलंबी, गोगलगाय आणि इतर कवचधारी जिवांना तांब्याचा अल्पसा अंशही मारक ठरतो. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडही तसेच. गोड्या पाण्यात ३०४ प्रतीचे स्टेनलेस चालते, खाऱ्या पाण्यात ३१६ प्रतीवरही कालांतराने गंजाचे ठिपके येतात, म्हणून तिथे शक्य तिथे प्लास्टिक वापरावे. पाइप यूपीव्हीसीचे, आणि सॉल्व्हंट पूर्ण वाळल्यावर आतून धुऊन घेतलेले असावेत.

काचेत भोक पाडायचे असेल, तर ते चिकटवण्याआधी, डायमंड बिटने, पाणी सोडत आणि हलक्या हाताने पाडावे. भोकाची कड आणि काचेची कड यांत निदान भोकाच्या व्यासाएवढे अंतर ठेवावे. भोकात बसणाऱ्या पाइपजोडणीचे रबरी वॉशर एकच असते आणि ते टाकीच्या आत, जोडणीच्या रुंद कडेखाली येते; जोडणीचा नट हाताने आवळून वर थोडासा पकडीने, त्याहून जास्त नाही. भोक तळाला पाडू नये असे मला वाटते. वरच्या बाजूचे वॉशर सुटले तर थोडे पाणी जाते, तळाचे सुटले तर सगळे.

दगडावर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर त्यात चुनखडी आहे आणि पाणी कठीण होईल, जे काही माशांना मानवते आणि अनेकांना मानवत नाही. ज्या वस्तूबद्दल शंका आहे तिचा तुकडा एका स्वच्छ बादलीत दोन आठवडे बुडवून ठेवावा, आणि शेजारी तेच पाणी भरलेली दुसरी बादली नुसतीच ठेवावी. वास, पृष्ठभागावरचा तवंग आणि सामू या तिन्हींत दोन्ही बादल्या सारख्या राहिल्या, तरच ती वस्तू टाकीत घालावी.

सातवी पायरी: पाणी भरून पाहणे

टाकी जागेवर नेण्यापूर्वी, पाणी सांडले तरी चालेल अशा ठिकाणी, त्याच स्टँडवर चाचणी घ्यावी. रिकामी असताना दर्शनी काचेच्या दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे धरून वरच्या कडेजवळ एक दोरा ताणावा आणि मध्यावर दोरा व काच यांतील अंतर मोजून लिहावे. मग पाव, निम्मी, पाऊण आणि पूर्ण अशी टाकी भरावी, प्रत्येक टप्प्यावर काही तास थांबून तेच अंतर पुन्हा मोजावे आणि खालच्या सांध्यांभोवती कोरडा कागद फिरवून ओल पाहावी. पूर्ण भरल्यावर काच थोडी बाक घेते, ते अपेक्षितच आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तो बाक वाढतच असेल, किंवा सांध्यात पांढरट रेघ अथवा हवेचे बुडबुडे पसरताना दिसले, तर ताबडतोब पाणी उपसावे. निदान एक आठवडा टाकी तशीच भरलेली ठेवून, रोज आकडे लिहून, ते स्थिर राहिल्यावर हे पहिले पाणी टाकून द्यावे आणि मगच टाकी तिच्या जागी न्यावी.